इर्जिकीची पंगत

लेहतोमाकी, २ जून २०१३

प्रिय टेर्ही,

फोनवर बोलू म्हणालीस, पण माझा डावा कान गेला तो गेलाच, आणि उजव्याला आता फक्त गाईंचं हंबरणं ऐकू येतं. तेव्हा पत्रच बरं. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, हाही एक फायदा.

वरच्या शेतातलं गवत मी अजून जुन्या पद्धतीनं खांबांवर वाळवते. वासरांना तेच लागतं. त्यासाठी दर जुलैत आमच्याकडे इर्जिक असते. शेजारीपाजारी येतात, गवत उचलतात आणि अंगणात पोटभर जेवून जातात. जोउनीची आई गेली आणि माझ्या भावानं त्याला माझ्याकडे आणून सोडलं, तेव्हापासून त्या पोरानं एक कापणी चुकवली नव्हती. तुझ्याशी लग्न झाल्यापासून मात्र दोन चुकल्या. मी काही म्हणत नाही, नुसतं लक्षात ठेवते. यंदा तिघं या.

एल्सी नीट जेवत नाही असं जोउनी म्हणाला. दूधही सोसत नाही म्हणे. त्यात काय एवढं? आमच्या अर्ध्या गावाला सोसत नाही. पोस्टमनला नाही, चर्चमधल्या पाद्रीबाईंना नाही, आणि दोघंही चांगली बैलासारखी धडधाकट आहेत. तू निर्धास्त ये. पोरीला बाधेल असं काही माझ्या घरात तिच्या ताटात पडणार नाही. सगळी सोय करून ठेवते.

तुमची,
आउने आत्या


तुर्कू, १४ जून

प्रिय आत्या,

निर्धास्त हा शब्द मी बऱ्याच दिवसांनी वाचला. बरं वाटलं.

मला मात्र येता येणार नाही. जुलैत आमच्या गोदीतून एक मोठं जहाज बाहेर पडायचंय आणि त्याचा एकूण एक जोड माझ्या डोळ्यांखालून जायला हवा. दुसऱ्यानं केलेल्या वेल्डिंगमध्ये फट शोधायचा मला पगार मिळतो. तेव्हा माझ्या पत्रातही थोडी तपासणी डोकावली तर रागावू नका. जोउनी आणि एल्सी येतील.

एल्सी ऑगस्टमध्ये दोन वर्षांची होईल, पण अंगानं दीड वर्षाची वाटते. तान्ही असतानाच दुधानं पुरळ आणि उलट्या सुरू झाल्या होत्या. तेव्हापासून तिला डॉक्टरांनी दिलेली खास पावडर कालवून देतो. त्या पावडरीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, मीही पिणार नाही. जेवण म्हणजे तासाभराचा कार्यक्रम. जोउनी चमचा विमानासारखा फिरवतो, मी गाणी म्हणते, आणि आधी आणि नंतर वाटी काट्यावर ठेवून किती गेलं ते बघते. हसू नका. तिच्या वजनाची रेघ बाळांच्या दवाखान्यातल्या कागदावर दर वेळी थोडी खाली उतरते आहे आणि नर्सबाई दर वेळी थोडा जास्त वेळ गप्प बसतात.

तिचं खाणं मी डब्यांत भरून पाठवते, म्हणजे तुम्हाला त्रास नको. दुधाचं सगळं जोउनीनं तुम्हाला सांगितलंच असेल, तेव्हा ते पुन्हा उगाळत नाही.

तुमची,
टेर्ही


तुर्कू, २१ जुलै

आत्या,

एल्सी बरी आहे. हे आधी लिहिते, कारण तुमच्याही डोळ्याला डोळा लागला नसेल. बाकीचं मी रागातच लिहिते आहे आणि राग जाईपर्यंत थांबणार नाही.

ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, रुग्णवाहिकेत उलट्या थांबेनात. जोउनी सांगतो, कुओपिओच्या इस्पितळात पोचेपर्यंत ती रडतही नव्हती. मी तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला जहाजाच्या तळाशी होते, जिथे फोन लागत नाही. वर आले तेव्हा त्याचे बारा निरोप येऊन पडले होते.

लोण्यात तळलेले मासे, आत्या! तुम्ही गाई पाळता. लोणी कशाचं होतं हे गोदीत काम करणाऱ्या बाईनं तुम्हाला सांगायचं का? आणि माझे डबे जसेच्या तसे परत आले, झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

आता पुन्हा असं झालं तर लगेच टोचायला सुईचं औषध कायम जवळ ठेवायला दिलंय. इतक्यात तुमच्याकडे येणं होईल असं वाटत नाही.

टेर्ही


लेहतोमाकी, २८ जुलै

टेर्ही,

तू लिहिलंस त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही. काय झालं तेवढं सांगते.

दूध सोसत नाही म्हटलं की आम्हाला एकच ठाऊक, की दुधातली साखर पचत नाही. त्या लोकांसाठी दुकानात साखर काढलेलं सगळं मिळतं. दूध, दही, लोणी. मी जन्मात पहिल्यांदा लोणी विकत आणलं. गोठ्यात चोवीस गाई असताना! दुकानातली पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. खास एल्सीसाठी आणलं आणि खास तिच्यासाठी त्यात मासे तळले. मला वाटलं, तुला हे कळेल तेव्हा तू म्हणशील, आत्यानं किती विचार केला.

कुओपिओच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. साखरेचा इथे संबंधच नाही. दुधातलं प्रथिनच पोरीच्या शरीराला शत्रू वाटतं, आणि साखर काढली तरी ते जागच्या जागी राहतं. शेळीचं दूध चालेल का तेही मी तिथल्या तिथे विचारलं, कारण माझ्या मनात पुढचं तेच होतं. तेही चालत नाही.

जोउनीला वाटलं तू सांगितलं असशील, तुला वाटलं त्यानं. पण ती माझी सबब नाही. मी विचारलं नाही. मला सगळं ठाऊक आहे असं धरून चालले, आणि त्यापायी पोर निळी पडलेली मी पाहिली. मला याची लाज वाटते, आणि ती जाणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहिणारच, मग तू कागद फाड. ती जेवली, टेर्ही. अख्खे बटाटे आणि मासे, आपल्या हातानं, आणि वर आणखी मागितलं.

आउने आत्या


लेहतोमाकी, ४ डिसेंबर

टेर्ही,

एल्सीसाठी हातमोजे पाठवते आहे. लोकर मेंढीची आहे, आणि मेंढीचं दूध त्यात नाही, धुऊन घेतली आहे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. नाताळ चांगला जावो.

आत्या


तुर्कू, ९ जानेवारी २०१४

प्रिय आत्या,

हातमोजे बसतात. ती ते घालूनच झोपते.

इतके दिवस लिहिलं नाही ते रागापायी नव्हे. राग ऑक्टोबरातच संपला होता. सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं, आणि वाईट सांगायची मला सवय नाही.

जुलैनंतर एल्सीनं तोंड मिटलं. चमचा दिसला की दात आवळते आणि मान फिरवते. आणि मी काय केलं ते ऐका. डॉक्टरांनी फक्त दूध बंद केलं होतं. मासे, अंडं, गहू हे मी बंद केलं. कुणाला न विचारता, नुसत्या भीतीनं. जोउनीला सांगितलं की डॉक्टरांनीच सांगितलंय. ती पुठ्ठ्याच्या वासाची पावडरही बंद केली, कारण ओटचं पेय ती हसत प्यायची आणि दिवसभरात निदान तेवढं हसणं तरी बघायला मिळायचं. परवा इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी जोउनीसमोरच विचारलं, अंडं कुणी बंद केलं? तो माझ्याकडे बघायला लागला आणि मी खिडकीबाहेर. मग त्या म्हणाल्या, ओटचं पेय पांढरं असतं म्हणून ते दूध होत नाही, तेवढ्यावर या वयाचं मूल वाढत नाही. मला माझं लोण्याचं वाक्य आठवलं, जे मी तुम्हाला लिहिलं होतं. मान वर करवेना.

आता दूध सोडून सगळं पुन्हा सुरू करायची परवानगी आहे, पण खाणारी तयार नाही. फेब्रुवारीअखेर वजन वळलं नाही तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडतील. त्यात वाईट काही नाही, गरज पडली तर मी ते शिकून घेईन. पण नळी घातलेली मुलं पुढे तोंडानं खायला आणखी उशीर लावतात असंही कळलं. माझी मुलगी जेवायला घाबरत मोठी होईल, ही एक गोष्ट मला सहन होणार नाही.

ही मनापासून कधी जेवली होती का, असं बाईंनी विचारलं. मी कधीच नाही म्हणाले, आणि घरी येऊन तुमचं जुलैचं पत्र काढलं. फाडलं नव्हतं.

त्या दिवशी काय घडलं ते मला लिहा. तुमचं मत नको. कोण कुठे बसलं होतं, खाणं कुठे होतं, कोण काय बोललं, एवढंच हवं.

टेर्ही


लेहतोमाकी, १६ जानेवारी

प्रिय टेर्ही,

मत नको म्हणालीस म्हणून आधी तेच देते. ते लोणी होतं. या घरात लोण्यावर वाढलेल्यांचं रक्त आहे, पोरीच्या जिभेनं ते ओळखलं. शरीर एक म्हणतं आणि जीभ दुसरं, हे तिचं दुर्दैव. आता घडलं ते सांगते.

दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं आणि अर्धं गवत अजून जमिनीवर होतं. अशा वेळी जेवण म्हणजे उभ्या-उभ्या उरकायची गोष्ट. अंगणातल्या लांब मेजावर मधोमध उकडलेल्या नव्या बटाट्यांचं पातेलं, शेजारी मासळीचा तवा. आमच्या तळ्यातली बोटाएवढी मासळी, पिठात घोळवून, एल्सीलाही चालावी म्हणून सगळीच त्या विकतच्या लोण्यात तळलेली. ज्यानं त्यानं आपला बटाटा सोलायचा. आठ माणसं होती आणि आठही जणांचं तोंड आभाळाकडे. पाऊस आपल्याकडे येणार की चर्चच्या अंगाला वळणार, यावर भांडण चाललेलं.

जोउनी ट्रॅक्टर आणायला गेला होता. मी जोडीला तुझा डबाही गरम करायला निघाले तर हेलुना कुंपणाबाहेर, आमची सर्वांत आगाऊ गाय. मी धावले तिच्यामागे. एल्सीला शेजारच्या व्हैनोजवळ बाकावर टेकवून गेले. व्हैनो तुला माहीत नाही. त्याच्या बायकासुद्धा त्याचा आवाज विसरत चालल्या होत्या, पहिलीही आणि दुसरीही.

हे पुढचं मला कुंपणापाशी उभ्या असलेल्या पाद्रीबाईंनी सांगितलं. व्हैनोनं बटाटा सोलून समोर ठेवला. तो हात पुसतोय तोवर पोरीनं तो उचलला. त्यानं दुसरा सोलला. तोही गेला. मग त्यानं तवा जरा तिच्या बाजूला सरकवला, कारण तिचा हात पोचत नव्हता, आणि पुन्हा आभाळाकडे बघायला लागला. एक अक्षर बोलला नाही.

मी परत आले तेव्हा तिची हनुवटी चकाकत होती. माझ्याकडे हात पसरून म्हणाली, आणखी. मला इतका आनंद झाला की पुढचे मासे मीच तिला भरवले. बाकी सगळं आपोआप झालं, पण तेवढं मात्र माझ्या हातचं आहे.

आत्या


तुर्कू, २ मार्च

प्रिय आत्या,

तुमचं मत साफ चूक आहे आणि तुमचं वर्णन अचूक आहे.

मी ते पत्र जोड तपासतात तसं वाचलं. लोणी बाजूला काढलं, तर काय उरतं? आठ माणसं, आणि एकाचंही तिच्याकडे लक्ष नाही. माझ्या घरात दोनच मोठी माणसं, आणि दोघांचे डोळे तिच्या तोंडावर. विमान, गाणी, काटा! मला कुणी असं जेवायला बसवलं असतं तर मीही दात आवळले असते.

पत्र मी आहारतज्ज्ञ बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, काय वाढायचं ते तुम्ही ठरवा आणि किती खायचं ते तिला ठरवू द्या, हेच मी तुम्हाला प्रत्येक भेटीत सांगत होते. खरं होतं. मी ऐकत होते, मान डोलवत होते आणि घरी येऊन काटा काढत होते. व्हैनो डोळ्यांसमोर आला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

मग मी घरात इर्जिक घातली. गवत नाही, पण भुकेली माणसं आमच्या गोदीत हवी तेवढी. पाळी सुटली की मी तीन-चार वेल्डर घेऊन घरी यायचे. मेजाच्या मधोमध एकच पातेलं. बटाटे, उकडलेली अंडी, तेलावर परतलेले मासे, वाटाण्याचं सूप. सुपात आणि लापशीत बाईंच्या सांगण्यावरून ती पावडर मिसळलेली, आणि पुठ्ठ्याचा वास खरंच लागत नाही. काटा कपाटात, विमान कायमचं जमिनीवर. माणसांना एकच अट घातली होती, की पोरीकडे बघायचं नाही आणि तिच्या खाण्यावर बोलायचं नाही. ते आइस हॉकीवर भांडले. ते भांडण त्यांना शिकवावं लागत नाही.

पहिले कित्येक दिवस तिनं फक्त बटाटे जमिनीवर टाकले. मी मेजाखाली स्वतःच्या मांडीला चिमटे काढत बसायचे. जोउनी म्हणाला, सोडून देऊ या. मी म्हटलं, नळीच्या तारखेपर्यंत नाही.

एका संध्याकाळी उर्पो नावाचा आमचा सर्वांत मोठ्या आवाजाचा वेल्डर पंचाला शिव्या घालत होता. तिनं त्याच्या ताटातलं अंडं उचललं आणि खाल्लं. त्यानं शिवी पूर्ण केली, पातेल्यातून दुसरं अंडं घेतलं आणि मधोमध ठेवलं. तेही गेलं. मी भांडी घासायला उठले, कारण मला रडू आलं होतं, आणि ते तिनं पाहिलं असतं तर पुन्हा सगळ्यांचं लक्ष तिच्यावर गेलं असतं.

गुरुवारी वजन झालं. रेघ वर वळली आहे. थोडीशीच, पण मी थोड्याशा गोष्टी मोजणाऱ्यांतली आहे. नळीची तारीख त्यांनी खोडली. मे महिन्यात दुधाची चाचणी करून बघणार आहेत, ते वेगळं लिहीन.

तुमची,
टेर्ही


लेहतोमाकी, ११ मार्च

प्रिय टेर्ही,

पत्र व्हैनोला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मी काही केलं नाही." या वर्षातलं त्याचं पहिलं वाक्य असावं, आणि तेही अगदी खरं.

लोण्याबद्दलचं माझं मत मी मागे घेते, पण सावकाश, एकदम झेपणार नाही. जुना तवा लोणी पिऊन बसलाय म्हणून एल्सीसाठी नवा आणला. चिरायचा पाट, सुरी, पातेलं, सगळं वेगळ्या कपाटात ठेवलंय. दुकानात आता मी चष्मा लावून प्रत्येक पाकिटाची पाठ वाचते. सॉसेजमध्येसुद्धा दूध घालतात हे तुला माहीत होतं? मी आयुष्यभर दूध विकलं आणि ते कुठे कुठे जातं ते मला ठाऊक नव्हतं. कुओपिओच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ती सुई कशी द्यायची तेही शिकून आले. मांडीवर, कपड्यांवरूनच, आणि मोजत थांबायचं. संत्र्यावर सराव केला.

या म्हणून मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी मी म्हटलं होतं. यंदा म्हणायचं की नाही ते तू ठरव.

आत्या


तुर्कू, २४ मे

प्रिय आत्या,

हे इस्पितळातून लिहिते आहे. आज सकाळी एल्सीची दुधाची चाचणी झाली. डॉक्टर आणि नर्स समोर उभ्या, आणि दूध थेंबाथेंबानं. पहिल्या दोन वेळा काही नाही. जोउनीनं माझा हात धरला तो दुखेपर्यंत सोडला नाही. तिसऱ्या वेळी हनुवटीवर गांधी उठल्या, ओठ सुजला आणि तिनं उलटी केली. औषध लगेच दिलं, तासाभरात सगळं निवळलं. तेव्हा ऍलर्जी आहेच. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, गेली असेल. नाही गेली. ते मी पचवलं. डॉक्टरांनी भविष्य चांगलं सांगितलं आहे, बरीच मुलं शाळेच्या वयापर्यंत यातून बाहेर येतात, आणि नाही आली तरी जगतात. माझी भीती दुसरीच होती. गेल्या जुलैत असंच झालं आणि तिनं सहा महिने तोंड उघडलं नाही. आज पुन्हा तेच ओठ, तीच उलटी. चार महिन्यांचं सगळं एका सकाळीत गेलं असतं, तर नळी होतीच.

संध्याकाळपर्यंत इथेच ठेवून घेतलंय. दुपारी नर्सनं तिच्यासाठी आणि जोउनीसाठी ताटं आणली, बटाटे आणि मासा. मी दोन्ही ताटांत दूध नाही ना ते दोनदा विचारून घेतलं आणि तिचं तिच्यासमोर ठेवलं. मग खुर्ची खिडकीकडे वळवून तुम्हाला हे पत्र लिहायला घेतलं. जोउनीनं वर्तमानपत्र उघडलं. हे वरचे दोन परिच्छेद मी कसे लिहिले ते मलाच माहीत. अक्षर बघा म्हणजे कळेल.

बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ताटावर काटा-चमचा वाजला. मग पुन्हा वाजला. मी वळले नाही. आत्ता ती स्वतः माझ्या खुर्चीपाशी आली, तेलकट हात माझ्या बाहीला पुसले आणि म्हणाली, "बाबाचा मासापण मी खाल्ला."

जुलैत मला जहाज आहे. कापणीला जोउनी आणि एल्सी येतील. कापणी झाली की जोउनी परत येईल, एल्सी मात्र आठवडाभर तुमच्याकडेच राहील. स्वयंपाक तुम्हीच करायचा.

तुमची,
टेर्ही